पावणं बसवणारा बिरूतात्या

आमच्या तलावाकाठी तंबूत मुक्कामाला आलात, तर दिवस मावळायच्या आत एक म्हातारा काठी टेकत येईल आणि तुमची मोजदाद करील. नाव विचारणार नाही, गाव विचारणार नाही. काठीचं टोक एकेकाकडं करत पुटपुटत जाईल, आणि एखादा कमी भरला तर "त्यो तांबड्या शर्टाचा कुठं गेला?" म्हणत झुडपामागं फोनवर बोलत बसलेल्याला हाकत घेऊन येईल. मग एखादा शहाणा हमखास विचारतो, "आजोबा, आम्ही काय मेंढरं आहोत का?" तात्या त्यावर खरोखरीचा विचार करतो आणि म्हणतो, "न्हाई. मेंढरू सांगिटल्यालं ऐकतं."

हा आमचा बिरूतात्या. माण तालुक्यातल्या आमच्या गावच्या पंचायतीनं तलावाकाठी पर्यटकांसाठी तंबू टाकले, तेव्हा राखणीला माणूस हवा होता. जन्मभर मेंढरांमागं उघड्यावर निजलेला माणूस मिळाला म्हटल्यावर पंचायत खूश झाली. मी सुमन, बचत गटातर्फे तिथला स्वयंपाक बघते. म्हणजे उठल्या-बसल्या माझी आणि तात्याची गाठ, आणि गाठ पडली की भांडण.

भांडणाचं कारण असं, की तात्याला राखण एकाच पद्धतीची येते. मेंढपाळ रात्री शेतकऱ्याच्या रानात कळप ठेवतात, त्याला आमच्याकडं मेंढरं 'बसवणं' म्हणतात. रानाला लेंडीखत मिळतं, मेंढपाळाला धान्य. तात्या पर्यटक बसवतो. सरपंचांनी विचारलं, "तात्या, शनवारचं कसं काय?" की हा सांगणार, "बारा बसवल्यात, त्यात तीन कोकरं." कोकरं म्हणजे लहान पोरं. पोरांचे तंबू मधोमध, बायकांचे त्यांच्या भोवतीनं, गडीमाणसं बाहेरच्या अंगाला. एकदा पुण्याचं नवं जोडपं आलं. तात्यानं नवरी मधल्या तंबूत घातली आणि नवरा पार कडेला. ते पोरगं बिचारं अजीजी करायला लागलं. तात्या म्हणाला, "कडंला दांडगाच माणूस लागतो, गड्या." दांडगा म्हटल्यावर पोरगं फुगलं आणि गप जाऊन निजलं. सकाळी नवरीनं त्याची जी हजेरी घेतली, ती मी भाकरी थापता थापता सगळी ऐकली.

शिवाय एका जागी दोन रात्री बसवायचं नाही, हा त्याचा नेम. दुसऱ्या दिवशी तंबू उपटून चार हात पलीकडं. "जमिनीला इसावा लागतो," म्हणे. मी म्हटलं, "तात्या, ही माणसं खत टाकत न्हाईत, पलास्टिक टाकत्यात." तर मला म्हणाला, "मग तर लयच इसावा लागंल."

असा हा माणूस यंदा पाण्यापायी माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटायला लागला.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडं पाऊस फिरकलाच नाही. शिमग्यापर्यंत तलाव निम्म्याच्या खाली गेला. गावाला टँकर सुरू झाला. तंबूवाल्यांना प्यायचं पाणी टँकरचं आणि वापरायचं तलावाचं, असं पंचायतीनं ठरवलं होतं. पण तलावातून बादली भरायची तर तात्याच्या समोरून जावं लागे. एका तंबूला एक बादली. सांगलीच्या एका बाई आंघोळीची सोय कुठं आहे म्हणून विचारत आल्या. तात्या अदबीनं म्हणाला, "घरनं करून आला न्हवं? पुरं झाली." कुपवाडच्या कारखान्यातली पोरं मोटारसायकली घेऊन आली आणि काठाला गाड्या धुवायला लागली. तात्यानं किल्ल्या काढून घेतल्या, आणि त्या पोरांकडून तंबूंच्या कुंपणासाठी बाभळीच्या काट्या ओढून घेतल्यावरच परत दिल्या. माझी भांडी तर मार्चपासून राखेवर. एक दिवस माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तात्या, तळं काय तुमच्या बाचं हाय?" तात्यानं काठी उचलली आणि पाण्याकडं निघून गेला.

तिथं त्याचा दुसराच उद्योग चालला होता. तलाव आटतो तेव्हा पाण्याभोवती गाळाचा पट्टा पडतो. वरून सुकलेला दिसतो आणि पाय टाकला की गुडघ्याएवढा आत. त्या गाळातून पाण्यापर्यंत तात्या दगडगोट्यांची वाट घालत होता. पाणी मागं सरकलं की वाट पुढं. मोडक्या खुब्याचा माणूस, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात घमेलं. पंचायतीतल्या एका मेंबरांनी ते बघितलं आणि गावभर करून टाकलं, की तलावावर बोटिंग सुरू होतंय. दोघं-तिघं चौकशीला पण येऊन गेले. तळ्यात बोट बुडायला पाणी नाही आणि हे विचारतात, लायफ जाकीट मिळंल का.

मीच मग एकदा घमेलं धरायला गेले. भांडण झालं होतं तरी म्हाताऱ्याला असं बघवेना. विचारलं, "ही वाट कुणासाठी, तात्या?"

"मेंढरांसाठी. पाण्याला जाताना रुतत्यात. एक रुतलं की मागची त्याच्यावर चढत्यात."

"कुठली मेंढरं?"

"आमची. हौसा घिऊन यील की मिरगाला."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हौसाकाकू म्हणजे तात्याची बायको. दसरा झाला की ती आणि पुतण्या कळप घेऊन बाहेर पडतात, मिरजेकडच्या उसाच्या पट्ट्यात हिंडतात, आणि मृग निघाला की घरी येतात. पावसाळाभर इथं. पूर्वी तात्याही जायचा. कॅनॉलच्या पुलावरून पडून खुबा मोडला, तेव्हापासून तो मागं राहिला. एकदा एसटीनं गेला होता भेटायला. त्याला चालवेना, त्याच्यासाठी सगळा कळप वाटेत खोळंबला. तात्याला ते लागलं. परत गेला नाही. म्हणजे त्याच्या वाट्याला काकू यायची ती एवढ्या चार महिन्यांपुरती, आणि कळप घरी यायचा तर तळ्याला पाणी पाहिजे. पाणी नसेल तर कळप तिकडंच थांबणार. आमच्याकडं खरा पाऊस परतीचा. तो पडेतोवर दसरा येतो आणि दसऱ्याला मेंढरं बाहेर. म्हणजे यंदाची भेट बुडाली तर पुढच्या वर्षीच.

मला माझीच लाज वाटली. त्या दिवसापासून मी भांडी घासायचं पाणी मागितलं नाही.

काकूचा फोन दोन-चार दिवसांनी यायचा. तात्याला कमी ऐकू येतं, म्हणून तो स्पीकर लावून बोलतो आणि आख्ख्या काठाला त्यांचा संसार ऐकू जातो. कोणती मेंढी व्याली, कोणती लंगडते. बोलून झालं तरी हा फोन ठेवायचा नाही. म्हणायचा, "जरा मेंढरांकडं धर." मग मेंढरांचं बेंबें ऐकत डोळे मिटून बसायचा. एक मुंबईची मुलगी मला हळूच म्हणाली, "आजोबांना मेंढ्या फारच आवडतात, नाही?" मी म्हटलं, "व्हय बाई, मेंढ्याच आवडतात."

वैशाखात पंचायतीनं तंबू बंद केले. पाणीच नाही, तर पाहुण्यांना बोलवायचं कशाला? माझी चूल थंड झाली, पण सवयीनं मी दुपारी जाऊन यायची. तंबू उतरवा म्हणून तात्याला सांगितलं होतं, त्यानं उतरवले नव्हते. उघडी दारं वाऱ्यानं फडफडत असायची. तात्या वाटेच्या टोकाला बसून उरलेलं डबकं बघायचा. त्यात आता कातडीसारखी हिरवी साय धरली होती, आणि शेवटी शेवटी त्याचाही रबरबाट झाला. तात्यानं काठी घालून बघितली, बाहेर काढून बघितली, पुन्हा घातली.

मृग निघाला. आभाळात ढग नावाला नव्हता. त्या दुपारी मी तिथंच होते आणि फोन आला.

"आवं, मिरग निघाला," काकू म्हणाली. आवाजातच निघाल्यासारखी होती. "पोरगं बिऱ्हाड घोड्यावर लादायचं म्हणतंय. हाय न्हवं पाणी?"

तात्यानं गाळाकडं बघितलं. मला वाटलं, हा आता हाय म्हणतो. म्हणावं असंच मला वाटत होतं, खोटं का असेना.

"हौसे," तो म्हणाला, "येऊ नगंस. नुसता गाळ झालाय. मेंढरू मरंल."

"मग कवा यायचं?"

"पाऊस झाल्यावर."

पलीकडं मेंढरांचा आवाज येत राहिला. पाऊस झाल्यावर म्हणजे कधी, ते दोघांनाही ठाऊक होतं.

"मग तुमी एकटंच व्हय वो?"

तात्यानं समोरच्या तंबूंवरून नजर फिरवली. "एकटा कशानं? लय पावणं आल्यात. बसवायला जागा न्हाई. ही सुमी भाकरी थापून दमली. विचार की तिला."

त्यानं फोन माझ्यापुढं धरला. मी मोठ्यानं म्हटलं, "व्हय काकू, लय गर्दी हाय. तात्यास्नी बोलाय सवड न्हाई."

"बरं झालं बाई," काकू म्हणाली. "मला तेवढाच घोर हुता. माणसांत हायत, म्हंजे बरं हाय."