समोरचं वजन

समस्त नाशिककरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या प्रयोगशाळेतल्या खैरनारांच्या स्कूटरला एकाच बाजूने पिशवी लटकलेली आजवर कोणीही पाहिलेली नाही. उजवीकडे दोन किलो टोमॅटो असले की डावीकडे दोन किलो कांदे. कांदे नको असतील तर टोमॅटोच एकेक किलो करून दोन पिशव्यांत.

"भाऊ, लय नखरे हाय तुमचे," एकदा भाजीवाली म्हणाली.

"मावशी, समोरचं वजन बघावं लागतं," खैरनार म्हणाले.

हा त्यांचा मंत्र. त्याचा उगम सांगतो.

नव्वदच्या दशकात आमची प्रयोगशाळा विषाणू तयार करायची. दचकू नका. हा विषाणू माणसाच्या वाटेला जात नाही, हरभऱ्यावरच्या आणि टोमॅटोवरच्या घाटेअळीला तेवढा मारतो. शेतकरी तो पिकावर फवारायचे. मी तिथला स्टोअरकीपर. शास्त्र खैरनारांचं, मलमल, बाटल्या आणि साखर माझी.

रोगाने मेलेल्या अळ्या पाण्यात घोटायच्या, मलमलीतून गाळायच्या आणि ते पाणी नळ्यांत भरून सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायचं. आधी हळू. अळ्यांची सालपटं तळाशी बसतात, ती फेकायची आणि वरचं पाणी ठेवायचं. मग जोरात. आता विषाणू स्वतःच तळाशी बसतो, म्हणून वरचं पाणी फेकायचं आणि तळाचा पांढुरका थर ठेवायचा. आणखी शुद्ध हवा असेल तर नळीत साखरेचा पाक भरायचा, खाली घट्ट, वर पातळ, आणि त्यावर तो थर सोडून पुन्हा फिरवायचं. विषाणू आपल्या वजनाला साजेशा जागी जाऊन थांबतो, घाण वेगळी राहते. साखर कुठे जाते असं ऑडिटवाल्यांनी विचारलं की मी त्यांना खैरनारांकडे पाठवायचो. ते परत येऊन काही विचारत नसत.

एकदा खैरनार रजेवर असताना मी मदतीला धावलो आणि पहिल्याच फेरीनंतर वरचं पाणी मोरीत ओतलं. महिनाभर पोसलेल्या अळ्यांचा अर्क गेला. खैरनार आले, मोरीत डोकावले.

"असू द्या," म्हणाले. "गटारात हरभरा उगवला तर त्याला काळजी नाही."

सेंट्रिफ्यूजचा एक नियम आहे. त्यात नळी एकटी ठेवायची नाही. बरोबर समोरच्या खोबणीत तेवढ्याच वजनाची दुसरी नळी हवी, नाहीतर यंत्र थरथरतं आणि टेबलावरून चालायला लागतं. जोड नसेल तर साध्या पाण्याची नळी ठेवायची. खैरनार थेंब थेंब पाणी घालून ती तराजूवर जुळवायचे. पुढे पुढे तो तराजू त्यांच्या डोक्यातच जाऊन बसला. सहा आसनी रिक्षात ते मला एका बाकावर एकटं बसवायचे आणि समोर दोघांना. "भाऊसाहेब, राग मानू नका. तुमचं वजन आहे," म्हणायचे. मी रागावायचो, पण ऐसपैस बसायचो.

त्यांच्या पत्नी मंगलताई नांदगावला प्राथमिक शिक्षिका होत्या. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने यायच्या, सोमवारी पहाटे परत. नवरा-बायको एका गावात असावेत म्हणून बदलीचा अर्ज दरवर्षी जायचा आणि दरवर्षी कुठेतरी तरंगत राहायचा. कचेरीतला एक कारकून शेवटी हळूच म्हणाला, "साहेब, फायलीवर थोडं वजन ठेवा."

खैरनारांनी मनापासून विचारलं, "आणि समोर कोणाच्या फायलीवर?"

कारकून गोंधळला. अर्ज आणखी एक वर्ष तरंगला. ही गोष्ट मी स्टोअरमध्ये येईल त्याला अभिनयासह सांगायचो.

एका बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी किल्ली मागायला त्यांच्या क्वार्टरवर गेलो. ते पाटावर बसून जेवत होते. समोर दुसरा पाट होता, आणि त्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला. उन्हातून आलो होतो, मी पेल्याकडे हात नेला.

"तो नको," ते म्हणाले. "माठातलं देतो. ते समोरचं वजन आहे."

"खैरनार, पेल्याने वजन कसं जुळेल?"

"नाही जुळत," ते भात कालवत म्हणाले. "पण जागा रिकामी राहिली की घास हलतो."

मी माठातलं पाणी प्यायलो. किल्ली घेऊन निघालो. हा किस्सा मात्र स्टोअरमध्ये सांगितला नाही.

पुढच्या जूनमध्ये बदलीची ऑर्डर निघाली. मंगळवारी सकाळी नांदगावहून सामानाचा टेम्पो आला, मी दोन ट्रंका उतरवल्या आणि अर्थातच जेवायला थांबलो. मला भिंतीशी बसवलं. ट्रंका दोन्ही भिंतींना एकेक लावून झाल्यावर खैरनारांनी दोन पाट समोरासमोर मांडले, आपल्या पाटावर बसले आणि रोजच्या सवयीने पेला भरून समोरच्या पाटावर ठेवला.

मी मान खाली घातली. मंगलताई वरण-भाताचं ताट हातात घेऊन समोर उभ्या होत्या. रविवारी त्या घरी असायच्या, त्यामुळे तो पेला त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

"अहो, तो पेला उचला ना," त्या म्हणाल्या. "मी बसू कुठे?"