साहेबाचा बाप वेल्सचा

इतर किनाऱ्यांवर घोडेवाले गिऱ्हाइकांना हाका मारतात. आमच्या शिरगावच्या किनाऱ्यावर जनूकाका घोडा घेऊन येतात आणि माणसं हाकलायला लागतात. पाणी ओसरलं रे ओसरलं, की यांचा आरडाओरडा सुरू. कुणी चुकून "एक चक्कर कितीला?" विचारलं तर संपलंच.

"तो काय रिक्षा हाय? बाजूला व्हा. साहेबाला धावायचा हाय."

साहेब म्हणजे घोडा. बुटका, गुबगुबीत, तांबूस, कपाळावर केसांची झुलपं. एका रविवारी काका "साहेब, मूर्खा, सरळ चाल" असं गरजले आणि बोईसरच्या कुठल्याशा कारखान्यातले एक अधिकारी बायकोसमोर गर्रकन वळले. काकांनी त्यांची समजूत काढली नाही. उलट वाटेतून हटवलं.

साहेबाला तट्टू म्हणायचं नाही. काकांनी उभा जन्म एका शेठच्या तबेल्यात घोड्यांना खरारा केला. शेठनं तबेला मोडला तेव्हा हा घोडा काकांच्या गळ्यात पडला. "याचा बाप वेल्सचा हाय, आई भीमथडीची," हे ते गावातल्या प्रत्येकाला सांगून चुकलेत. वेल्स कुठं आलं, असं विचारलं की "इंग्लंडच्या पलीकडं डोंगर हायत, तिकडं," एवढाच भूगोल. साहेब दौडला की बापावर गेला. वाटेत लीद टाकली की आईवर गेला. काकू होत्या तेव्हा म्हणायच्या, "आमच्या पोरांचं पण तसंच हाय."

मी निवृत्त मास्तर. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलंय, आणि चालायला सपाट जागा काय ती किनाऱ्यावरच. तिथंच हा माणूस रोज माझ्या अंगावर ओरडणार. आमचं भांडण ठरलेलं.

"ओ मास्तर, हटा वाटेतून."

"किनारा तुमच्या बापाचा आहे का?"

"माझ्या नाय, साहेबाच्या बापाचा हाय. हटा."

माझी साखर राहिली बाजूला, रक्तदाब वाढला. शेवटी मी पंचायतीत जाऊन तक्रार केली. आणखी एक तक्रार आली की घोडा किनाऱ्यावर बंद, असं ठरलं. काकांच्या मुलाला तेच हवं होतं. पाठीवर कुणाला बसवत नाही, दमडी कमवत नाही, मग पोसायचा कशाला, म्हणून तो घोडा विकायला टपलेलाच होता.

आणि मागच्या महिन्यात किनारा अचानक शांत झाला. काका यायचे, पण तोंडातून चकार शब्द नाही. साहेब सुरूच्या झाडांपाशी खांबासारखा उभा. तक्रार लागू पडली, असं म्हणून मी मजेत फेऱ्या मारल्या.

एका संध्याकाळी काका माझ्या फाटकात उभे. गळ्याला मफलर. आता हे घरी येऊन भांडणार, म्हणून मी बाह्या सावरल्या.

"घसा गेला," ते कुजबुजले. "चला."

"कुठं?"

"ओरडायला. त्याला दिसत नाय, मास्तर. दोनी डोळे गेलेत. माझ्या आवाजावर धावतो. वाळूवर ठेचकाळत नाय, म्हणून तिथं आणतो."

माझं डोकंच सणकलं. "मग हे आधी सांगायला काय झालं होतं? मी भांडलो असतो का?"

"तुमी नसता भांडला. पण गावभर झाला असता. पोरगा आंधळा घोडा एक दिवस पण ठेवनार नाय."

"पण मीच कशाला?"

"बाकी कोनाच्या आवाजाला तो हलत नाय. तुमी रोज भांडता. तुमचा आवाज वळखतो तो."

गेलो. पाण्याच्या कडेला लांब जाऊन उभा राहिलो. काय ओरडायचं, असं खुणेनं विचारलं, तर काकांनी हातवारे करून सांगितलं, रोजचंच.

"किनारा तुमच्या बापाचा आहे का?" मी ओरडलो.

साहेबाचे कान उभे राहिले. आधी एक पाऊल, मग दुडकी, आणि मग झुलपं उडवत, वाळू उधळत तो सरळ माझ्याकडे सुटला. मी ओरडत राहिलो. त्यानं येऊन नाक माझ्या छातीला लावलं. लांब उभ्या काकांचे ओठ हलले. बापावर गेलाय, असंच म्हणाले असणार.

तक्रार मी मागं घेतली. आता माझ्याच आरडाओरड्याविरुद्ध एक गेलीय. काकांचा आवाज अजून आलेला नाही. पालघरचे डॉक्टर म्हणतात, उशीर करू नका, मुंबईला दाखवा. मी आहे ना साहेबाला, असं दहादा सांगून झालं. काका नकाराची मान हलवून कुजबुजतात.

"तुमचा आवाज बारीक पडतो. आधी नीट ओरडायला शिका, मग जातो."

या हट्टाचा मला भयंकर राग येतो. रोज संध्याकाळी बेंबीच्या देठापासून तो सगळा मी वाळूवर ओरडून काढतो, आणि साहेब कान टवकारून माझ्याकडे धावत येतो.