ठकूबाईंचा आनंद, दहापैकी

ठकूबाईंच्या अंगणात त्या दुपारी एक खाट, खाटेवर जुनं लुगडं, लुगड्यावर चौसष्ट पोह्याचे पापड, एक बांधलेली म्हैस आणि सहा मोकळ्या कोंबड्या होत्या. पडवीत ठकूबाई, त्यांचे यजमान चांगूकाका आणि महाडहून आलेली भाची वैदेही. वैदेहीने हे सगळं मोजून घेतलं होतं. प्रयोगाआधीची परिस्थिती नोंदवायची असते, हे बी.एस्सी.ने तिच्या अंगी भिनवलं होतं.

प्रयोग आनंदाचा होता. शेवटच्या सत्रात दोन क्रेडिट कमी पडत होती, म्हणून तिने विद्यापीठाचा ‘आनंदाचे विज्ञान’ हा ऑनलाइन कोर्स घेतला होता. सोपा असेल असं वाटलं होतं. शेवटचा स्वाध्याय असा, की ज्या व्यक्तीचे आभार मानायचे राहून गेले आहेत तिच्यासमोर बसून ते सविस्तर मानावेत, आणि तिचा आनंद दहापैकी किती हे आधी आणि नंतर विचारून भरावं. मुदत आज रात्रीपर्यंत. कोर्स गेला तर पदवी लांबणार होती आणि एम.एस्सी.चा प्रवेशही.

व्यक्ती निवडायला वेळ लागला नव्हता. महाडला मोठा पूर आला तेव्हा वैदेही आणि तिचे आईबाबा पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाडीत सव्वा महिना राहिले होते. त्याबद्दल नंतर कोणी कधी चकार शब्द काढला नव्हता.

“आत्या, आत्ता तुझा आनंद दहातला किती?”

ठकूबाईंनी तांदूळ निवडता निवडता विचार केला. “सात. तीन गुडघ्याचे कापले.”

वैदेहीने मोबाइल उघडला आणि वाचायला सुरुवात केली. “आदरणीय आत्या, पुराच्या संकटात तुम्ही आम्हाला आधार दिलात…” मजकूर रीतसर होता, पण खोटा नव्हता. स्वतःची गोधडी बाबांना देऊन आत्या गोणपाटावर झोपली, हे वाक्य तर तिने दोनदा वाचलं. “त्याबद्दल मी तुमची मनःपूर्वक आभारी आहे,” असं म्हणून तिने वर पाहिलं.

सुपातला हात थांबला होता. “कोन काय बोललं गो तुला?”

“कोणी नाही.”

“डाक्टरकडं गेलेलीस?”

“नाही गं. आता किती ते सांग ना.”

“दोन.”

“दोनच?”

“येक यांचा, येक म्हशीचा.”

वाडीत आभार मानायचे ते सभेला आलेल्या पाहुण्यांचे. घरातल्या माणसाने आभार मानले, म्हणजे झालं गेलं फेडून टाकलं आणि पुढचं येणंजाणं संपलं. त्यात ‘तू’ म्हणणारी पोर ‘तुम्ही’वर आलेली. भावाने नातं तोडलं आणि ते सांगायला लेकीला धाडलं, एवढाच अर्थ ठकूबाईंना लागला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. चांगूकाकांनी महाडला मेहुण्याला फोन लावला.

“शरद, पोर आभार मानतेय.”

“कोणाचे?”

“हिचे.”

पलीकडे त्याने आधी वर्गातल्या पोरांना गप्प बसवलं. मग शरद म्हणाला, “निघतो.”

तेवढ्यात वैदेहीचा फोन वाजला. मुंबईहून आत्याचा मुलगा रितेश होता. “वैदू, पप्पांनी मेसेज टाकला. तू टेन्शन मत ले. मुलगा कोण हाय तेवढं सांग.”

“कुठला मुलगा?”

“अगं, पळून जायच्या आधीच लोक असं सगळ्यांना थँक्यू बोलतात. मी बोलतो ना मामाशी, समझा दूंगा.”

वैदेहीने फोन ठेवला आणि खरं काय ते सांगून टाकायचं ठरवलं. “आत्या, हा कॉलेजचा अभ्यास आहे. आनंदाचा कोर्स.”

“आनंदाची पन परीक्षा?” चांगूकाकांना हसू आवरेना. “मंग नापास झालेलं पोर रडत बसनार का?”

ठकूबाई मात्र आणखी गंभीर झाल्या. “मंजी तुझ्या मनातून नाय आलं. मास्तरानं सांगितलं म्हनून आलीस.”

“तसं नाही…” वैदेही म्हणाली. प्रयोग चालूच होता, म्हणून तिने हळूच विचारलं, “आता?”

“येक,” हसणाऱ्या नवऱ्याकडे बघत ठकूबाई म्हणाल्या. “म्हशीचा.”

शरद मोटरसायकलवरून आला तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशात शाळेचं लाल पेन तसंच होतं. प्रकरण मिटवायचं म्हणून तो दारातूनच म्हणाला, “ताई, तिचं काही चुकलं असेल तर मी मनापासून माफी मागतो.”

“तू पन सुरू झालास?” ठकूबाई उठल्या आणि आत निघून गेल्या. बापलेक आणि चांगूकाका आतल्या दाराकडे बघत उभे राहिले. अंगणाकडे बघायला कोणीच उरलं नाही, कोंबड्या सोडून.

वैदेही आत गेली. आत्या चुलीकडे तोंड करून बसली होती. सकाळच्या एसटीने निघालेल्या वैदेहीच्या पोटात काही नव्हतं. तिने सवयीने शिंकाळ्यातलं टोपलं उतरवलं, भाकरी मोडली आणि पातेल्यातल्या पिठल्याला लावून खाल्ली. पिठल्यावरून तिला आईचा निरोप आठवला.

“आत्या, मागच्या खेपेला कुळथाचं पीठ जाडं दळलं होतंस. पिठल्यात नुसत्या गुठळ्या. या वेळी दोन किलो दे, आणि बारीक दे.”

ठकूबाई सावकाश वळल्या. “गुठळ्या? तुझ्या आयेला ढवळायला नको. येका हातात मोबाइल आनि येका हातात डाव. माझ्या पिठाला नावं ठेवते, भवानी.”

“आणि पापडही दे. गेल्या वर्षी मोडके दिलेस.”

“मोडके? तुझ्या बापानं गाडीवर त्याच्यावरच बूड टेकलंन.” त्या उठल्या, कोनाड्यातला डबा खाली ओढला आणि पीठ भरता भरता बाहेर ओरडल्या, “शरद, असा दारात काय उभा? हात धू, जेवून घे. आनि तो पेन काढ खिशातला, हितं काय कोन वर्गात नाय.”

पिशवीत दोन किलोच्या जागी चार किलो भरल्यावर वैदेहीने विचारलं, “आत्या, आत्ता दहातला किती?”

“नऊ. गुडघ्याचा येक.”

रात्री वैदेहीने कोर्सचा तक्ता भरला. आधी : सात. आभारानंतर : दोन. खुलाशानंतर : एक. पिठाच्या तक्रारीनंतर : नऊ. शेवटी ‘परिस्थितीत झालेला बदल’ असा रकाना होता. त्यात तिने लिहिलं : कोंबड्या सहाच, पापड चौसष्टऐवजी एकेचाळीस.