सोयाबीनवाली हौसा

हौसा भर रस्त्यात कुठल्याही बाईला विचारायची, "पाळी गेली का गं तुजी?"

कळंबच्या एसटी थांब्यावर, पुरुषमाणसं शेजारी तंबाखू मळत उभी असताना. समोरची बाई लाजेने अर्धी व्हायची. ती हो म्हणाली की दुसरा प्रश्न, "सोयाबीन खातीस का?" नाही म्हणाली की लगेच निकाल, "मग एरंड व्हशील." एरंडाचं लाकूड आतून पोकळ असतं, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे. हौसाच्या मते पन्नाशी ओलांडलेली प्रत्येक बाई एरंडच.

हौसा माझी चुलत जाऊ. दोघींची घरं भिंतीला भिंत लावून, म्हणून तिचा ताप सगळ्यात जास्त मला. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. थोडं रान, एक गाय आणि ती जीभ, एवढाच तिचा संसार.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं कसं, तेही सांगते. नव्वद सालानंतर आमच्याकडे सोयाबीन नवंनवं आलं होतं. पेरायचं, मळायचं, पोती भरून व्यापाऱ्याला द्यायचं. ते माणसाने खायचं असतं हे कुणाच्या मनातही नव्हतं. एकदा शेतकी खात्याच्या एक बाई देवळात भाषणाला आल्या. म्हणाल्या, पाळी गेल्यावर बाईची हाडं ठिसूळ होतात, सोयाबीन खात जा. आम्ही सगळ्या चहासाठी बसलो होतो. हौसा एकटी ऐकत होती, आणि तीही अर्धंच. सोयाबीन आधी उकडायचं, वाळवायचं आणि मग दळायचं, हे पुढचं तिने ऐकलंच नाही. कारण तोवर ती उठून माझा दंड धरून हलवत होती, "ऐकलंस का? ऐकलंस का?"

दुसऱ्या दिवशी तिने कच्चंच सोयाबीन बाजरीत मिसळून दळलं आणि आळीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना गरम भाकरी वाटल्या. पुढचं काय लिहू? ओढ्याकडे टमरेलांची रांग लागली. मी रांगेतूनच तिला शिव्या घातल्या. तर ही म्हणते, "पोट गेलं तर जाऊ दे. हाड ऱ्हाईल."

मग मासवडीचं प्रकरण. मासवडी म्हणजे आमच्या जुन्नर-आंबेगावची अब्रू. बेसन शिजवून थापायचं, वर तीळ-खोबऱ्याचं सारण पसरायचं, वळकटी करून वड्या पाडायच्या आणि झणझणीत रश्शाबरोबर वाढायच्या. धाकटा जावई पहिल्यांदाच जेवायला आला होता. मी पाणी आणायला गेले तेवढ्यात हिने माझ्या बेसनाच्या डब्यात सोयाबीनचं पीठ ओतलं. वड्या रश्शात पडल्या आणि विरघळल्या. बिचारा जावई वाटीत मासवडी शोधत राहिला.

"अगं सटवे, आत मूठभर तीळ आहेत! तीळ काय हाडाला वाईट असतो?" मी ओरडले.

"तीळ हाये म्हून तर घातलं. दोन्ही एका जागी गेलं. पावणं, रस्सा प्या, रस्सा."

एका बाबतीत मात्र तिचं बोलणं मला पटलं, आणि अजून पटतं. तिची गाय व्याली आणि खाली बसली, उठेना. जनावरांचा डॉक्टर मोटारसायकल हाणत आला, शिरेत कॅल्शियमची बाटली लावली, गाय उभी राहिली. बघायला जमलेले पुरुष खूश झाले. हौसा त्यांच्यावरच उलटली.

"गाय बसली की बाटली. बाई बसली की म्हनायचं, वय झालं! सोयाबीनची पेंड गाईला, पेंड कोंबडीला. बाईला काय, कोंडा?"

एक जण म्हणाला, "हौसाआक्का, गाय दूध देती."

"आन आमी काय पाजलं व्हतं तुमाला? ताक?"

सगळे टोप्या सावरत वाटेला लागले. मी तर म्हणते, बरं झालं.

पुढे आळीतली पार्वती न्हाणीत घसरली. खुबा मोडला. मुलाने उचलून पुण्याला नेली. मग समोरची काशी उंबऱ्यात अडखळून पडली, तीही लेकीकडे गेली. दोघींच्या घरांना कुलपं लागली ती लागलीच. एकेक कुलूप पडलं तसा हौसाचा मारा वाढला. भाकरीत सोयाबीन, पिठल्यात सोयाबीन, वर मुठीत भाजलेले दाणे कोंबायची. हिचं डोकं फिरलं, असंच मी म्हणत होते.

आणि मग मी पडले. पाण्याच्या टाकीपाशी शेवाळ धरलं होतं, पाय सटकला, हात टेकला आणि मनगट मोडलं. मंचरला प्लास्टर घातलं तेव्हा हौसा सोबत होती. मी संतापून डॉक्टरला विचारलं, "इतकी वर्षं हिचं सोयाबीन गिळतेय, मग मोडलं कसं?"

डॉक्टर हसला. "आजी, सोयाबीन चांगलंच आहे, खा. पण ते अन्न आहे, चिलखत नाही. दूध घ्या, नाचणी खा, उन्हात चाला. आणि ते शेवाळ आधी घासा."

परतीच्या जीपमध्ये हौसाने भाजलेल्या दाण्यांची पुडी उघडलीच नाही.

दुसऱ्या दिवशी माझा मुलगा दत्ता भोसरीहून गाडी घेऊन आला. "आई, पिशवी भर. आता इथं एकटी ठेवायची नाही तुला." मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात हौसा अंगणात आली.

"दत्ता, मनगट हाय, खुबा न्हाई. पाय धड हायेत हिचे. चाल गं, चालून दाखव त्याला."

"मी काय बाजारातला बैल आहे?"

"चाल म्हनते ना!"

चालले. गोठ्यापर्यंत गेले आणि परत आले. दत्ता बघत उभा होता.

"पण काकू, एका हाताने ही भाकरी कशी थापणार?"

"मी थापीन. लुगडं नेसवीन, न्हायला घालीन." मग तिने आळीतल्या कुलपांकडे हात केला. "समदी आळी मोकळी झाली रे बाबा. भांडायला एवढी एकच ऱ्हायली."

दत्ताने त्या बंद घरांकडे बघितलं. "महिनाभर बघू," म्हणाला, आणि रिकामीच गाडी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी यायची. एका हाताने मला अंबाडा घालता येईना. ती मागे बसून विंचरायची. एकदा फणी थांबली. तिची बोटं मानेपासून खाली, माझ्या पाठीचा एकेक मणका चाचपत चालली होती.

"काय बघतीस गं?" मी खेकसले.

"काय न्हाई. केस अडाकलाय पोलक्याला."

माझे केस इतके खाली कुठले पोचायला? पण मी पाठ ताठ करून बसले.