सासरेबुवांचे बूट परीक्षेला बसतात

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसाल तर गोष्टीतला वास तेवढा पोचायचा आणि गोष्ट राहून जायची. ही गोष्ट एका सुनेची, तिच्या सासूची आणि भलत्या वेळी भलतीकडे पोचलेल्या एका बुटांच्या जोडाची आहे. शेवटी सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. मध्येच कुणी घाबरून उठून जायला नको.

तर सासूबाईंचं फळांच्या रसाचं दुकान होतं आणि सून एका प्रयोगशाळेत काम करायची. लग्न होऊन घरात आल्यावर सुनेने सासूकडे पहिली मागणी केली ती संत्र्याच्या सालींची. सासूबाई आधी चक्रावल्या, मग रोज दुकान बंद करताना साली पोत्यात भरून ठेवू लागल्या. सून त्या वाळवायची, हवा न लागू देता भट्टीत भाजायची, आणि शेवटी हातात यायचे बारीक काळे दाणे. त्या दाण्यांना अंगभर भोकं असतात, डोळ्यांना न दिसणारी. कारखान्याच्या धुराड्यातून जो वायू निघतो आणि पृथ्वीला ताप आणतो, तो कार्बन डायऑक्साइड त्या भोकांत जाऊन बसतो. दाणे तापवले की तो बाहेर येतो. तो कोंडून ठेवायचा आणि दाणे पुन्हा कामाला लावायचे.

दाणे जमले होते झकास, पण नेमकी भट्टी जळली. उरले ते डबाभर. त्यातून प्रयोगशाळेच्या भिंतीला ओल आली, म्हणून सुनेने तो डबा घरी आणून स्वयंपाकघराच्या कोरड्या फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी एक तपासनीस बाई येणार होत्या. त्यांनी मान डोलावली तर दाणे खऱ्या धुराड्यावर चढणार, नाही तर काम बंद आणि खोली दुसऱ्या कुणाला. रात्री जेवताना सुनेने हे सगळं घरच्यांना समजावून सांगितलं. सासूबाईंनी फार मन लावून ऐकलं. घोटाळा तिथेच झाला.

सकाळी सून चहाला आली तर सासूबाई गालातल्या गालात हसत होत्या.

"घरात कसला वास येतोय का गं?"

सुनेने नाक वर करून पाहिलं. "नाही, आई."

"फ्रिज उघड. आता?"

फ्रिजमध्ये रात्रीपासून सोललेला लसूण होता, पण वासाचा पत्ता नव्हता.

"आता चपलांचं कपाट उघड."

ते कपाट उघडताना घरातली माणसं श्वास रोखून धरत. कारण सासरेबुवांचे बूट. नोकरीला लागल्यापासूनचे ते बूट निवृत्तीनंतरही कामावर होते, आणि त्यांचे तळवे किती वेळा बदलले याची गणती मोच्यानेही सोडून दिली होती. देवाने माणसाला नाक दिलं, पण त्याला झाकण दिलं नाही, असं सासूबाई त्या कपाटासमोर उभ्या राहून म्हणायच्या. सुनेने कपाट उघडलं. आत नुसता लाकडाचा वास.

"आई, तुम्ही काय केलंत?"

"मी कुठे काय केलं? तुझ्या दाण्यांनी केलं. अख्ख्या कारखान्याचा धूर गिळतात म्हणालीस, मग ह्यांचे बूट त्यांना काय जड?" आणि सुनेचा चेहरा पाहून त्यांनी घाईने पुस्ती जोडली, "जुन्या मोज्यांत बांधून ठेवलेत. मोजे धुतलेले होते हो."

सुनेने फळीवरचा डबा हलवला. तो खुळखुळलासुद्धा नाही. फ्रिजमधला मोजा निघाला, कपाटातला निघाला. पण सगळ्यांत जास्त दाणे भरले होते ते सासरेबुवांच्या दोन बुटांत, आणि बूट जागेवर नव्हते. सासरेबुवा पहाटेच ते घालून फिरायला गेले होते. सुनेने त्यांना फोन लावला, तर तो तिथेच टेबलावर वाजला.

आता सासूबाईंच्या ध्यानात आलं. हौसेने केलेली गोष्ट अशी अंगाशी आली की माणूस आधी रागावतो. त्या रागावल्या नाहीत. दुकान राहू दे बंद, म्हणाल्या. तू पुढे हो, मी ह्यांना जिथे असतील तिथून उचलून तुझ्याकडे पाठवते. आणि त्या बाग, न्हाव्याचं दुकान, वाचनालय अशा नवऱ्याच्या सगळ्या ठिकाणांवर चालून गेल्या.

प्रयोगशाळेत तपासनीस बाई वेळेआधीच येऊन बसल्या होत्या. सुनेने दाणे काचेच्या नळीत ओतले. नळी निम्मीही भरेना. दाणे रात्रभर कुठे होते ते सांगायला तिने तोंड उघडलं, तर बाईंनी हात वर केला. त्यांना आधी त्यांचा प्रश्न विचारायचा होता.

"बाटलीतल्या स्वच्छ वायूवर तुमचे दाणे छान चालतात, ते वाचलं मी. पण धुराड्यातून एकटा वायू थोडाच येतो? त्याच्याबरोबर नाही नाही ती घाण येते. ती भोकांत जाऊन बसली, मग?"

घाणीवर सुनेने दाणे कधी तपासलेच नव्हते. प्रयोगशाळेच्या सरांनी तिच्याकडे पाहिलं, तिने नळीकडे पाहिलं. एवढ्यात दार ढकलून सासरेबुवा आत आले, दोन्ही खिसे फुगलेले.

"हे घे गं. सकाळी बुटात पाय जाईना म्हणून पाहिलं, तर हे. मी खिशात घातले. तुझ्या सासूने न्हाव्याच्या खुर्चीवरून उठवून इकडे पाठवलं मला, अर्धी दाढी राहिली."

खरंच एका गालावर साबण वाळला होता. सुनेने मोजे सोडून दाणे नळीत ओतले. नळी काठोकाठ भरली. सासरेबुवा कौतुकाने खुर्ची ओढून बसले, पायावर पाय टाकून.

भोकं रिकामी करायला आधी दाणे तापवावे लागतात. सुनेने कळ दाबली. नळी तापली, आणि हळूहळू खोलीत एक वास पसरला. दमदार, जुना, अनुभवी वास. सगळ्यांच्या नजरा आपोआप खाली, सासरेबुवांच्या पायांकडे गेल्या. सर खोकले.

"काका, इथे फार उकडतंय. तुम्ही बाहेर बाकावर बसता का?"

सासरेबुवा सज्जन माणूस. उठले, सगळ्यांना नमस्कार केला आणि बाहेर गेले. सरांनी खिडकी उघडली. वास जाईना. उलट वाढला, आणि त्याच्या मागोमाग लसूण आला. काचेच्या दारापलीकडून सासरेबुवांनी सुनेला हात केला.

"ते गृहस्थ तर बाहेर आहेत," तपासनीस बाई सावकाश म्हणाल्या.

मग सुनेने सगळं सांगून टाकलं. फ्रिज, कपाट, मोजे, बूट, काही लपवलं नाही. सांगताना तिने सासूला दोष दिला नाही. माझे दाणे मीच नीट ठेवायला हवे होते, एवढंच म्हणाली. आणि मनातल्या मनात तिने त्या खोलीचा निरोप घेतला.

बाईंनी नाकावर रुमाल धरला. "म्हणजे रात्रभर ही घाण त्या भोकांत होती, आणि आत्ता बाहेर पडली?"

"हो."

"मग थांबू. वास संपला की वायू सोडा."

सगळे रुमाल धरून बसले. वास पातळ झाला, विरला, आणि खोलीत नुसती गरम काचेची ऊब राहिली. सुनेने वायू सोडला. दाण्यांनी किती वायू धरला ते सांगणारा पडद्यावरचा आकडा चढू लागला. चढत चढत तो नव्या दाण्यांच्या आकड्याला टेकला आणि तिथेच निवांत उभा राहिला. किती वेळानं पोटभर श्वास घेतला सुनेने, आणि तोही बिनवासाचा.

"माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं," बाई म्हणाल्या. "काम चालू राहू दे. फक्त एकदा झालेलं मी खरं मानत नाही. हे पुन्हा पुन्हा करून दाखवा." मग दाराकडे पाहत त्यांनी आवाज खाली आणला. "त्याच बुटांवर."

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. काम वाचलं म्हणताच त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि हातातलं नवं खोकं पुढे केलं. नवऱ्यासाठी त्यांनी नवे बूट आणले होते. जुने आजच कचऱ्यात जाणार होते.

"आई," सून म्हणाली, "जुने टाकायचे नाहीत. धुवायचेही नाहीत. बाबांनी ते रोज घालायचे आहेत."

सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सासरेबुवा खाली वाकून मोठ्या आस्थेने बुटाची नाडी बांधत होते.

"आता माझ्या हातात काही राहिलं नाही बघ," ते म्हणाले. "वरून आलंय."

तर मंडळी, ते दाणे पुढे खऱ्या धुराड्यावर चढले. सुनेला शाबासकी मिळाली, आणि आभार मानताना सासरेबुवांचाही उल्लेख झाला. आपण एवढंच करू या. संत्रं सोलून साल हातात राहील, तेव्हा त्या सासूबाईंची आठवण काढू या. कारण दाणे आता प्रयोगशाळेत कुलपात असतात, आणि बूट घरात.