व्याह्यांच्या कपाळावरची अळी

वस्तू निवडावी तर मीच! वांगं देठावरून, साडी उलट्या बाजूवरून आणि माणूस चपलांवरून. माझी निवड आजवर चुकलेली नाही. (नवरा वडिलांनी निवडला होता. तो विषय वेगळा.) त्यामुळे लेकीच्या साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, खोट्या पापण्या घ्यायचं ठरलं, तेव्हा मी कुणाचाही सल्ला घेतला नाही.

पापण्यांची गरज पडली ती पहिल्या बैठकीच्या फोटोमुळे. त्यात होणाऱ्या विहीणबाई, राजकुमारीताई, यांचे डोळे धानाच्या बांधीच्या पलीकडून दिसावेत असे. माझ्या डोळ्यांच्या जागी दोन रेघा!

"मम्मी, फोटो काढताना झोपली होतीस काय?" रुची म्हणाली.

साक्षगंधाचा फोटो दोन्ही घरांत जन्मभर लटकणार. जन्मभर झोपलेली आई म्हणून लटकायची माझी तयारी नव्हती.

मी शाळेत विज्ञान शिकवते, शिक्षण एमएस्सी, प्राणिशास्त्र. तेव्हा काम शास्त्रोक्त! मोबाइलवर चार लेख वाचले, शिंप्याच्या टेपने कपाळ, गाल, हनुवटी मोजली. चेहरा गोल निघाला, डोळे बदामी. म्हणजे आकार बदामाचा, माप चारोळीचं.

गोंदियाच्या बाजारात गुड्डूभैयाच्या दुकानात गेले. त्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, "मॅडम, आपका फेस गोल है, डॉल आय ले जाइए. बीच में लंबी रहती है. कैट आय मत लेना, वो कोने में लंबी रहती है, आपको सूट नहीं करेगी."

"भैया, मी एमएस्सी आहे."

"तो फिर आप ही देख लीजिए," तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळत म्हणाला.

मी कॅट आय घेतली. त्यातलीही सर्वांत दाट.

साक्षगंधाच्या दिवशी डोळ्यांवर गोंद लावला. अर्धं मिनिट वाळू द्या, असं डबीवर लिहिलं होतं. पण अंगणात गाडी थांबली आणि मी पापण्या तशाच ओल्या गोंदावर दाबल्या. बाहेर आले तर सासूबाई समोर.

"काऊन वो, डोरे आले का?"

"नाही आई, फॅशन आहे."

"मंग पदरानं झाकून ठेव. पाहुणे घाबरतीन."

आमच्याकडे पाहुण्यांना ओवाळून टिळा लावायचा, टिळ्यावर तांदूळ दाबायचे. ताटातले तांदूळ आमच्याच शेतातले, हे तर आलंच. माझे यजमान, लीलाधर, बियाण्याचं धान पिकवतात. त्यांच्या धानाबद्दल ते माझ्याबद्दल बोलतात त्याहून जास्त बोलतात. होणारे व्याही शिवलालभाऊ निवृत्त कृषी सहायक. पुढच्या हंगामासाठी पाच पोती बियाणं त्यांनी आमच्याकडूनच नेलं होतं. खरी सोयरीक तिथेच जमली होती, रुची आणि टिकेशचं नंतर जमलं.

मी तुपाचा दिवा घेऊन एकेका पाहुण्यावर वाकत होते. वाकलं की दिव्याची धग थेट डोळ्यावर. शिवलालभाऊंच्या कपाळावर तांदूळ दाबून सरळ झाले, तेव्हा उजवा डोळा एकदम हलका वाटला.

पापणी ताटात पडली होती. आणि आता तांदळासकट व्याह्यांच्या कपाळावर तिसरी भुवई होऊन बसली होती!

मी हात पुढे केला, तेवढ्यात त्यांचे थोरले भाऊ मनिराम ओरडले, "शिवलाल! हालू नको! अळी आहे!"

झालं! सोयऱ्यांत वीस जण, वीसही धानवाले. शिवलालभाऊंनी अळी दोन बोटांत धरून चष्म्याजवळ नेली.

"एकाच बाजूनं केसाळ," ते म्हणाले. "बुडाशी पांढरा चिकट पदार्थ सोडून राहिली."

"हालत काऊन नाही?"

"मेल्याचं सोंग घेऊन राहिली. बदमाश जात आहे!"

कुणी काड्यापेटी रिकामी केली, कुणी उजेड धरला. शिवलालभाऊंनी फोटो काढून धानवाल्यांच्या ग्रुपवर टाकलाही. मग त्यांचं लक्ष माझ्या ताटाकडे गेलं.

"लीलाधरभाऊ, हे तांदूळ कोणते?"

"घरचेच," यजमान अभिमानाने म्हणाले. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं.

"म्हणजे ते बियाणं... आमच्या घरची पाच पोती..." शिवलालभाऊ म्हणाले.

"अरे, मॅडमला विचारा ना!" मनिरामभाऊंना आठवलं. "त्या प्राणिशास्त्राच्या आहेत!"

काड्यापेटी माझ्यासमोर आली. मी उजव्या डोळ्यावर पदर धरून डाव्याने तिच्याकडे पाहिलं. खरं सांगायची हीच वेळ होती. पण विहीणबाई पाहत होत्या, आणि त्यांचे डोळे ते तसे!

"ही... ही सुरवंटाची अपरिपक्व अवस्था आहे," मी म्हणाले. "काही करत नाही."

"अपरिपक्व!" शिवलालभाऊ ताडकन उठले. "म्हणजे अजून मोठी व्हायची आहे! टिकेश, घरी फोन लाव. पोती बाहेर काढा म्हणा. लीलाधरभाऊ, वाईट वाटून घेऊ नका, पण साक्षगंध आपण नंतर पाहू. आधी ते बियाणं पाहावं लागेल."

रुचीचं तोंड उतरलं. यजमान खाली बसले, ताटातला एक-एक दाणा तळहातावर घेऊन उलटसुलट पाहू लागले. "वीस वर्षांत माझ्या धानाला कुणी बोट लावलं नव्हतं," ते स्वतःशीच म्हणाले.

माझ्यात लाज पुष्कळ आहे, पण एवढी नाही. मी पदर सोडला, डाव्या डोळ्यावरची पापणी ओढली आणि काड्यापेटीत ठेवली.

"शिवलालभाऊ, हिची जोडीदारीण."

शिवलालभाऊंनी एकदा पेटीत पाहिलं, एकदा माझ्या डोळ्यांत, म्हणजे जिथे ते असायला हवेत तिथे.

"म्हणजे धानात काही नाही?"

"धान चांगलं आहे, भाऊ. बिघाड माझ्यात आहे."

यजमान एवढ्या आनंदाने हसले की लग्नाच्या पंचवीस वर्षांत मी त्यांना असं हसवल्याचं आठवत नाही. "बिघाड हिच्यात आहे! बिघाड हिच्यात आहे!" करत ते प्रत्येकाला मिठी मारत सुटले. राजकुमारीताई उठल्या, माझ्या कानाशी आल्या.

"समधनबाई, गोंद वाळू द्यायचा असते. माझ्या पर्समध्ये चांगला आहे, देऊ काय?"

साक्षगंध पार पडलं. फोटोत सगळे खदखदून हसताहेत. हसलं की माझे डोळे मिटतात, त्यामुळे मी याही फोटोत झोपलेलीच आहे.

ग्रुपवरचा फोटो शिवलालभाऊंनी लगेच डिलीट केला, पण तोवर तो जिल्हाभर पोचला होता. सौंदडच्या एकाने तर आपल्याही बांधीत हीच अळी असल्याचं छातीठोकपणे कळवलं. सोमवारी आमच्या हेडमास्तरांनी तो मला पाठवला: "मॅडम, धानावरची नवीन अळी. मुलांना ओळख करून द्या."

नकार द्यायचा तर कारण सांगावं लागलं असतं. मी नववीच्या वर्गात पडद्यावर फोटो लावला.

"ओळखा पाहू."

मागच्या बाकावरून आचलने हात वर केला. "मॅडम, ही तर खोटी पापणी आहे!"

अख्ख्या जिल्ह्यातल्या जाणकारांत हीच एक निघाली. मला भरून आलं.

"शाब्बास! कोणती जात?"

"कॅट आय." तिने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "पण मॅडम, गोल तोंडाला डॉल आय घ्यावी लागते."