सिंधूकाकूंच्या पाच वाजताच्या बातम्या

सिंधूकाकू एरवी इतक्या हळू बोलतात की भाजीवाल्यालाही दोनदा विचारावं लागतं, "काय म्हनलं काकू?" पण संध्याकाळचे पाच वाजले की त्यांच्या गळ्यात कुणी भोंगा बसवल्यासारखं होतं. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलेलो असतो. तरी धाम नदीच्या पलीकडच्या काठावरच्या माणसाला हाक मारावी तशा त्या ओरडतात, "आयका गुरुजी! एका मानसानं भोपळा कोरला, त्याची नाव केली अन् नदी पार केली!"

"वा," मी म्हणतो.

"आपल्या धाममंधी चालंन का?"

"चालेल."

"अन् कोहळं?"

मी मूळचा अल्लीपूरचा. पवनारच्या शाळेत बदली झाली, तेव्हा काकूंच्या घरची समोरची खोली भाड्यानं घेतली. काकू एकट्याच असतात. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला. मोबाइल त्यानंच दिलेला. तो घेऊन त्या अंगणात बसतात आणि जगभरातलं काय काय विचित्र शोधून काढतात. कुठल्या गावात बकरी सरपंचपदाला उभी राहिली. चोर चोरी करायला शिरला आणि त्याच घरातल्या गादीवर झोपून गेला. गाय लिफ्टमध्ये शिरून तिसऱ्या मजल्यावर पोचली आणि तिथल्या बाईनं तिला आधी चहाच विचारला.

देशांची नावं काकूंना जमत नाहीत. त्यांचा भूगोल साधा आहे. "हिंगणघाटच्या लई पुढं" हा जवळचा देश आणि "इमानानं जा लागते" हा लांबचा. माणसांची नावंही त्या बदलतात. "तो समजा आपला पांडू," म्हणून सुरुवात करायची आणि शेवटी, "दुनिया काई सरळ नाई, गुरुजी!" एवढं म्हणून थांबायचं. थांबल्यावर त्यांची मान नेहमी अंगणाच्या मधल्या भिंतीकडे वळायची. मला वाटायचं, लांबून आवाज कसा घुमतो ते ऐकत असतील.

त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ओरडतात, असा मी समज करून घेतला होता. पण आतल्या चुलीवरच्या दुधाची सुरसुर ऐकून, ते उतू जाण्याआधीच त्या अंगणातून उठायच्या. मग हा समजही टिकला नाही.

त्यांच्या बातम्यांना नियम होते. मरणाची बातमी नाही. अपघाताची नाही. एकदा मीच हौसेनं माझ्या मोबाइलवरून वाचायला लागलो, "काकू, हे बघा, एका माणसानं उशीशी लग्न केलं..."

"ते नोको." काकूंचा आवाज एकदम खाली आला. "लग्नाचं नोको वाचू."

त्या दिवशी पुढची बातमी झालीच नाही. काकूंनी मोबाइल पदराखाली ठेवला आणि मधल्या भिंतीकडे बोट दाखवलं. पलीकडे त्यांची धाकटी जाऊ कमल राहते, हे मला माहीत होतं. दोघींचं बोलणं नाही, हेही माहीत होतं. त्यामागचं कारण मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

"कमलची पोरगी, प्रणाली," काकू कुजबुजल्या. "तिच्यासाठी स्थळ मी आनलं होतं, गुरुजी. सोता जाऊन पाह्यलं. घर पाह्यलं, वावर पाह्यलं, बैलं पाह्यली. पोट्ट्याले पाहाले विसरली."

लग्न झाल्यावर कळलं, मुलगा दारू प्यायचा, मारायचा. प्रणाली मोडका हात गळ्यात घेऊन माहेरी परतली. बरी झाल्यावर नर्सिंग शिकायला म्हणून नागपूरला गेली, ती तिकडचीच झाली. ती परतली त्या दिवशी कमलकाकूंनी मोठ्या जावेला सांगितलं होतं, माह्या दारात पाय ठेवू नोका. पुढं कमलकाकूंचे यजमान गेले. साखरेच्या आजारानं कमलकाकूंचे डोळेही गेले. दिवसभर त्या पलीकडच्या अंगणात एकट्या बसून असतात.

"टीव्ही दिसत नाई, पेपर दिसत नाई. मानूस करमवंन कसं?" काकू म्हणाल्या. "पाय नाई ठेवला मी तिच्या दारात. आता आवाज जाते, त्याले मी काय करू?"

"त्या ऐकतात का पण?"

"काय माहीत. उठून तर जात नाई."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता काकू पुन्हा ओरडल्या. आता मीही सवाल जरा मोठ्यानं विचारायला लागलो. पलीकडून कधी हूं नाही की चूं नाही.

मग पोळा झाल्यावर गावात तापाची साथ आली. काकूंचा ताप उतरेना, त्यांना धाप लागायला लागली, म्हणून मी त्यांना सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात भरती केलं. मुलगा पुण्याहून निघाला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंचे कपडे घ्यायला मी घरी आलो. कुलूप उघडत होतो, तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"गुरुजी हायेत का?"

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. "हो, मीच."

"काल बी चूप, आज बी चूप. बाईचा फोन बिघडला का?"

मी सगळं सांगितलं. पलीकडून काठी आपटल्याचा आवाज आला. "मले घेऊन चाला."

कमलकाकूंना घेऊन मी ऑटोनं सावंगीला पोचलो. वॉर्डात मी त्यांचा हात धरून त्यांना खाटेपाशी नेलं. त्यांनी चाचपडत आधी जावेचे पाय शोधले, त्यांना हात लावला आणि तिथंच खाटेच्या कडेला बसल्या.

काकूंनी डोळे उघडले. "कोन? कमल?"

"बोलू नोका. धाप लागंन."

"तू कशी आली व एवढ्या दूर? दिसत नाई न् काई नाई..."

"बोलू नोका म्हनलं न! इतके दिवस मी आयकलं बाई, आता तुमी आयका." कमलकाकूंनी पदरानं तोंड पुसलं. "रोज राती प्रणालीचा नागपूरहून फोन येते. दवाखान्यातून थकून आलेली राह्यते पोरगी. तरी पह्यले काय इचारते, माहीत हाय? 'आई, मोठीमायनं आज काय वाचलं?' मंग मी सांगते. जसंच्या तसं सांगते, तुमच्या त्या पांडूसकट. अन् ती हासते, बाई. लई हासते. घरी परत आलती तवा हासनंच इसरली होती."

काकूंच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. "माह्यावर राग नाई तिचा?"

"तिचा कधीच नव्हता," कमलकाकू म्हणाल्या. "राग माहा होता."

काकूंनी सलाईन लावलेल्याच हातानं जावेचा हात धरला. सिस्टर बाटली बदलायला आली, "आजी, हात सोडा जरा," म्हणाली. दोघींपैकी कुणीच सोडला नाही. सिस्टर थोडा वेळ थांबली. मग पलीकडच्या बाजूनं फिरून, वाकून, तिनं आपलं काम केलं.